तुळईतले खिळे

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं नाही, कारण शेजारीच आई होती आणि विषय निघाला की ती पुन्हा घाबरते. परवा जुनी तुळई चिरताना यंत्राची करवत आत दडलेल्या खिळ्यावर आदळली. पातं तुटून तुकडा माझ्या भुवईवर बसला. टाके पडलेत, पण डोळा थोडक्यात वाचला. आईने धसकाच घेतलाय. यंत्र विकून टाक म्हणून रोज मागे लागते. बाबांच्या मागे हा सुतारकारखाना मी चालवलाय, एका खिळ्यापायी बंद नाही करणार.

काल माळ्यावर तुझा मेटल डिटेक्टर सापडला. खजिना म्हणून बाटल्यांची झाकणं उकरायचो आणि वाटणीवरून भांडायचो, तोच! सेल गळून आत हिरवा थर धरलाय. त्याने लाकडातले खिळे हुडकता येतील का? तू रेडिओ दुरुस्त करणारा, तूच सांग. आणि हसू नकोस.

तुझी हट्टी,
बबडी

९ मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

हसलो नाही, चांगलाच रागावलो. डोळ्यावर बेतलं आणि मला इतक्या उशिरा कळवतेस? आईची भीती खोटी नाही, बाई. पण तुला थांबवणं तिला जमलं नाही, मला काय जमणार?

तर ऐक. हिरवा थर व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशने घास, नीट सुकू दे. मग टोकाच्या गोल थाळीची तार तपास, तुटली असेल तर सोल्डर कर. चालू झाला की गुणगुण अगदी बारीक होईपर्यंत बटण फिरव. धातूजवळ सूर चढेल. खोलवरचं त्याला कळत नाही, म्हणून लाकूड चारी बाजूंनी तपासायचं. आणि चष्म्याशिवाय करवतीला हात लावलास तर बोलणार नाही तुझ्याशी.

आईला सांभाळ. तुझाच,
दादा

१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तार तुटलेलीच होती. जोडल्यावर डिटेक्टर बोलू लागला, पण थांबेचना! अख्खी तुळई खिळ्यांनी भरलीय असं वाटून मी रडकुंडीला आले. मग लक्षात आलं, तुळई लोखंडी घोडीवर होती. लाकडी स्टुलांवर घेतली, तरी कुरकुर चालूच. शेवटी हातातलं घड्याळ काढलं आणि तो गप्प झाला. हस आता पोटभर.

दिसणाऱ्या तिन्ही बाजूंचे खिळे उपटले. आई दारात उभी राहून बघत होती. खालची बाजू कोण तपासणार, असं तिने विचारलं. तोवर तपासणी झालीच, असं मला वाटत होतं. दोघींनी तुळई उलटी केली, तर मधोमध सूर चढला. मुंडी तुटलेला खिळा पार आत रुतला होता. पटाशीने कोरून काढला.

चष्मा लावला आणि करवत सुरू केली. पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलं. आईने ताज्या फळीवरून हात फिरवला. मग पदर खोचला आणि पुढच्या तुळईचं दुसरं टोक धरलं.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
बबडी