सूचना मिळाली का? होय.

अकोला,
३ फेब्रुवारी २०२५

ती. पंजाबमामांस,
साधनाचा सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण कामाची गोष्ट कागदावर, हा तुमचा कायदा. बाविसाव्या वर्षी रात्रशाळेत अक्षर गिरवलेल्या माणसाला पत्राची हौस असणारच, असं आई म्हणते.

तर काम असं. कॉलेजातलं शिकवणं सांभाळून मी इथल्या एका संस्थेसाठी रविवारी विनामोबदला माहिती गोळा करणार आहे. पूर आला, गारपीट झाली, उन्हाची लाट आली, तर घरातल्या बाईवर काय येतं आणि पुरुषावर काय येतं, हे वेगवेगळं लिहून घ्यायचं. एका घराचे दोन फॉर्म, एक बाईचा, एक पुरुषाचा. मी तुमची नाल्याकाठची मळेवस्ती मागून घेतली. चौतीस घरं आहेत आणि गेल्या ऑगस्टचा पूर सगळ्यांनी पाहिलेला आहे.

या माहितीवरून संस्था ग्रामपंचायतीला सुचवणार, की पुराची सूचना वस्तीत कुणाकडे आणि कशी पोचावी. आज ती एकट्या तुमच्या फोनवर येते, हे तुम्हीच पन्नासदा सांगितलंय. मार्चच्या ग्रामसभेत त्याचा निर्णय होईल. माहिती खरी निघाली नाही तर तुमची वस्ती यातून गळेल, आणि येत्या पावसाळ्यात सगळं जसंच्या तसं.

सोबत दोन कोरे फॉर्म पाठवते, नुसते बघायला. माझ्याबरोबर मैत्रीण रुबीना असेल. तिचे वडील शिलाई मशिनी दुरुस्त करतात. ती माणसाचं बोलणं तसंच उघडून बघते, सांभाळून राहा!

मामीला नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी.

तुमची,
साधना


वलगाव,
७ फेब्रुवारी

चि. साधनास,
मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. बघायला पाठवलेले फॉर्म भरूनच धाडतो. तुझा मामा डोक्यावर टोपली घेऊन गल्लोगल्ली सांबार, म्हणजे तुमच्या कॉलेजातली कोथिंबीर, विकत मोठा झाला, आलेलं काम परत पाठवायची त्याला सवय नाही. माझाही भरला आणि तुझ्या मामीचाही भरला. तिला कुठे वेळ. तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला आहे, म्हणजे कायदेशीर.

सूचना मिळाली का? होय. किती आधी? तीन तास. त्या दिवशी मी अमरावतीच्या भाजीबाजारात होतो. साडेआठला फोनवर संदेश आला. मी लगेच शेजारच्या मोतीरामला फोन लावला, की वस्तीत सांग, आमच्या घरीही सांग. झालं काम! आणि तुझ्या मामीनं काय केलं, तर दोन बकऱ्या घेऊन मोटरपंपाच्या खोलीच्या स्लॅबवर चढून बसली, अन् पाच वाजेपर्यंत उतरलीच नाही. मी आलो तर बकऱ्या एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला, आणि तिघींचं तोंड सारखंच. हा किस्सा मी बाजारात सांगतो तेव्हा हमाल पोती खाली ठेवून हसतात.

रविवारी या. त्या रुबीनालाही घेऊन ये, मशीन उघडून दाखवू. भरीत-भाकरीचा बेत आहे.

तुझ्या मामीने आशीर्वाद सांगितले आहेत. जीव लावत राहा.

तुझा,
पंजाबमामा


अकोला,
११ फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

भरीत झकास होतं. रुबीनाने बसमध्ये तीनदा आठवण काढली. काम मात्र बिघडलं, ते सांगते.

अकरा घरं झाली. अकराही घरांत बाईला प्रश्न विचारला की उत्तर दारातून आलं. माणिकबाईंना विचारलं, तर त्यांचे यजमान म्हणाले की तिला काय विचारता, मी सांगतो ना. वच्छलाबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं आणि हो म्हटलं. अकरा बायका, अकरांना सूचना मिळाली, अकरांना तीन तास आधी. मामा, घड्याळंसुद्धा इतकी जुळत नाहीत.

रुबीना म्हणाली, हे पुरुषांचेच फॉर्म आहेत, नुसतं नाव बायकांचं. आमच्या मोनालीमॅडम सगळ्या वस्त्यांचं काम पाहतात. त्यांनी कागद परत केले. असंच राहिलं तर तुमची वस्ती सोडून पुढचं गाव धरा म्हणाल्या. तुम्ही भरलेला मामीचा फॉर्मही बाद झाला, रागावू नका. मी मामीला स्वतः विचारलं होतं. तिने चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, साखर कमी तं नाई ना?

तुम्ही माणसं ओळखता. काय करू?

तुमची,
साधना


वलगाव,
१५ फेब्रुवारी

चि. साधनास, आशीर्वाद. वि. वि.

अगं येडे, दारात दोन शहरी पोरी, हातात पॅड, पुढ्यात खुर्ची, अशा थाटात बाई खरं बोलेल काय? तिला वाटतं घरकुलाची चौकशी आली.

मी चाळीस वर्षं भाजी विकली ती कानांवर. गिऱ्हाईक भाव करताना काय बोलतं ते सोडून द्यायचं. पिशवी उघडता उघडता जे पुटपुटतं ते खरं. तसं बायकांचं ठिकाण आमच्याकडे आहे. नाल्याच्या वरच्या अंगाला निंबाखाली पत्र्याचं शेड आहे. दुपारी बारा ते पाच तिथे सगळ्या बायका दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथी-सांबाराच्या जुड्या बांधतात. हात कामात, नजर खाली, तोंड मोकळं. पुरुष तिकडे फिरकत नाही, कारण फिरकला की त्याच्या हातात सुतळी देतात. मी स्वतः दोनदा फसलो आहे.

तू पॅड पिशवीत ठेव आणि जुड्या बांधायला बस. विचारू नको, बांध. आपसूक निघेल.

मात्र तुझ्या मामीचं उत्तर तेच येणार जे मी लिहिलं. पैज लाव! हरलो तर आपल्या मळ्यातली अर्धा मण वांगी अकोल्याला पोचती करीन.

तुझ्या मामीने आशीर्वाद सांगितले आहेत.

तुझा,
पंजाबमामा


अकोला,
२५ फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

तुमची युक्ती लागू पडली. मी आणि रुबीनाने पाच तास जुड्या बांधल्या, बोटं अजून हिरवी आहेत. पहिल्या तासात सुनांची चर्चा, दुसऱ्यात सासवांची, तिसऱ्यात पूर आला. मग मी विचारून, त्यांनी हो म्हटल्यावर, प्रत्येकीचा फॉर्म तिथेच भरला.

चौतीस बायका. पाणी दिसायच्या आधी सूचना पोचली ती चौघींना. बाकी तीस जणींच्या घरचा फोन त्या वेळी बाजारात होता, नाहीतर पानठेल्यावर. वच्छलाबाई शाळेपर्यंत गेल्या आणि परत फिरल्या, कारण शाळेत संडासाला कुलूप आणि ओसरीवर सगळे पुरुष. ओल्या लुगड्यानं कुठे उभी राहू, म्हणाल्या.

आता मामीचं. तिला विचारलं, हे मामांना लिहू का? तिने हातातली जुडी बांधून टोपलीत टाकली. मग म्हणाली, लिही. कागदावर लिही. तोंडानं सांगितलं तं ते हासतीन.

मोतीरामभाऊंनी तुमचा फोन आल्यावर आधी स्वतःची मोटर उचलून वर नेली. मग पाणी वस्तीत शिरल्यावर ते रस्त्यावरूनच ओरडले, वहिनी, पाणी येऊन राह्यलं. तेव्हा मामी गुडघाभर पाण्यात उभी होती. बकऱ्या सोडायला गेली तोवर छातीपर्यंत आलं. तिला पोहता येत नाही. दोराला धरून ती स्लॅबवर चढली. पाचपर्यंत उतरली नाही, कारण खाली उतरायला जागा नव्हती, मामा. तुम्ही आलात तेव्हाही तिने दोर सोडला नव्हता. मग तुम्ही बकऱ्यांकडे बघून हसलात, म्हणून तीही हसली.

तिच्या फॉर्मवर आहे: सूचना मिळाली का? नाही. तुमच्या फॉर्मवर: होय, तीन तास. दोन्ही कागद मी तसेच जमा करणार आहे.

बायकांनी मागितलंय ते एवढंच. संदेश तुमच्या फोनवर येवो, पण भोंगा निंबाच्या शेडात बसावा. त्याची किल्ली आणि एक साधा फोन मामीकडे राहावा, कारण दुपारी ती तिथेच असते. आणि शाळेच्या संडासाची चावी बायकांकडे. हे दहा मार्चच्या ग्रामसभेत मांडायचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर एकही पुरुष हो म्हणणार नाही, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही.

वांगी नकोत.

तुमची,
साधना


वलगाव,
१२ मार्च

चि. साधनास, मामाचे आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पत्र आलं तेव्हा दोनदा वाचलं आणि घडी करून वजनाच्या मापाखाली ठेवलं. तीन दिवस बाजारात तो किस्सा सांगितला नाही. एका हमालानं विचारलं, भाऊ, बकऱ्यांचं काहून नाई सांगत आज? म्हटलं, बकऱ्या विकल्या.

मोतीरामला गाठलं. तो लपवणारा माणूस नव्हे. म्हणाला, मले वाटलं वहिनीले पाणी दिसलंच असन, तिले काय सांगाचं? मी त्याच्यावर तोंड टाकणार होतो, पण मग आठवलं. मीसुद्धा त्याला फोन केल्यावर पुन्हा विचारलं नव्हतं, की घरी सांगितलं का. त्या दिवशी मेथीला भाव होता, मी विकत बसलो होतो. अडीच वाजेपर्यंत.

मग इकडे चुलीपाशी जाऊन बसलो. तुझ्या मामीला म्हटलं, तुले पोहता येत नाई हे मले माहीत नव्हतं. ती म्हणाली, तीस वर्षांत तुमी विचारलं कधी? आणि भाकर थापत राहिली.

ग्रामसभेचं सांगतो. सरपंचांनी मुद्दा वाचला तेव्हा मागून आवाज आला, की बायांच्या हाती भोंगा दिला तर स्वयंपाक झाला म्हणूनही वाजवतीन. लोक हसले. हे मागच्या वर्षी झालं असतं तर पहिला मीच हसलो असतो. मी उभा राहिलो. म्हटलं, सूचना माझ्या खिशात आली आणि खिशातच राहिली. माझी बायको छातीभर पाण्यात होती आणि मी सात महिने त्याचं हसू विकलं. आता किल्ली तिच्याकडे, माझ्या जयवंताकडे राहील. ज्याला हरकत असेल त्यानं आधी घरी विचारून यावं, की त्याच्या घरी पाणी कुठवर होतं. कुणी उठलं नाही. ठराव झाला. संडासाच्या चावीवर अर्धा तास भांडण झालं, पण ती माणिकबाईकडे आली.

माझा फॉर्म मात्र खोडू नको. खाली एवढं जोड: सूचना मला मिळाली, घरात पोचली का, ते विचारलं नाही.

वांगी पाठवतोच आहे, पैज ती पैज. एसटीच्या पार्सलातून घे.

इथवर लिहून नेहमीसारखं तुझ्या मामीने आशीर्वाद सांगितले आहेत असं लिहायला घेतलं आणि थांबलो. उठून विचारायला गेलो. ती म्हणाली, हे इतकी वर्षं कोन सांगत होतं? मी म्हटलं, मीच लिहीत होतो. मग काय लिहू, ते सांग.

तिने हात पुसले, पाटावर बसली आणि सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. साधने, त्या दिवशी तू बांधलेल्या जुड्या सैल होत्या, वीस जुड्या बाजारात सुटल्या. रुबीनाच्या चांगल्या होत्या. पुढच्या खेपेले ये, सुतळीले दोन वेढे देऊन ओढाचं कसं ते शिकवीन. आशीर्वाद मी समोर आल्यावर देईन, यांच्या हातानं नको.

माझा लोभ आहे तसाच आहे. तिचा तिने सांगितला तेवढा.

तुझा,
पंजाबमामा