मिठातले चाळीस दिवस

आबा, कालपासून माझं कशात लक्ष लागत नाही. कराडजवळच्या आपल्या गावात तुम्ही आयुष्यभर जो इतिहास शिकवलात, तोच मी आता साताऱ्यातल्या शाळेत शिकवते. काल प्राचीन इजिप्तचा धडा होता. ममी करताना ते लोक मेंदू काढून टाकायचे, पण काळीज जागेवरच ठेवायचे. मेल्यावर देवापुढं ते पिसाशी तोललं जाणार, असं मी सांगत होते. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, आम्हाला म्युझियममध्ये काचेत ठेवा असं त्यांनी सांगितलेलं का?" वर्ग हसला. मी फळा पुसला आणि तास संपायच्या आधीच बाहेर आले.

तेव्हापासून आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोरून हलत नाही. आई लोणच्याच्या फोडींना मीठ चोळतेय, मी तिसरी-चौथीत असेन, आणि तुम्ही एक सुरकुतलेली फोड उचलून सांगताय, "बघ, मीठ पाणी वढून घेतं, मग कुजत न्हाई. इजिप्तची माणसं मढं असंच चाळीस दिवस मिठात ठेवायची." आई खवळते, "आवं, खायाच्या जिनसापाशी मढं कशाला काढताय?" मी विचारते, "आबा, तुमाला पण ठेवायचं का?" तुम्ही लय हसता. "मला टिकून काय करायचंय? मेडिकल कॉलेजला द्या. पोरं शिकतील."

मी ते हसण्यावारी नेलं. तुम्ही नाही. निवृत्त झाल्यावर देहदानाचा फॉर्म आणलात आणि साक्षीदार म्हणून माझीच सही घेतलीत. "चुलते काय म्हणतील?" असं मी म्हटलं, तर चिडलात. "देह माझा हाय. मास्तरीण हायस तू. तूच भ्यालीस तर कसं?"

तुम्ही गेलात त्या सकाळी कॉलेजचा नंबर माझ्या पर्समध्ये होता. चुलते अंगणात तिरडी बांधत होते. आईनं हळूच विचारलं, "फोन केलास न्हवं?" मी म्हटलं, "केला. गाडी वेळेत येणार न्हाई म्हणाले." दुपारी कृष्णेकाठी तुम्हाला अग्नी दिला. आईनं ते शेवटपर्यंत खरं मानलं.

आज घरात येरझाऱ्या घालून थकले, म्हणून लिहायला बसले. आता आईही नाही. हे वाचणारं कुणी नाही, म्हणूनच लिहिता येतंय. फोन मी लावलाच नव्हता, आबा. इतकी वर्षं मनातल्या मनात चुलत्यांवर ढकलत आले, पण त्यांची भीती नव्हती. परक्या पोरांनी तुम्हाला कापलेलं मलाच सोसणार नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं, तरी. आज पुन्हा ती सकाळ आली तर नंबर लावीन का, तेही मला सांगता येत नाही.