एकतीस पत्रांतला एक शब्द

अक्कोळ, ४ ऑगस्ट १९९८

चि. मैत्रेयीस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

अभ्यासासाठी संगणकाला मराठी पत्रं हवीत म्हणालीस, म्हणून तुझ्या अक्काची, वसुमतीची, लग्नानंतरची एकतीस पत्रं पाठवतोय. प्रत्येक पत्र देवापुढे ठेवून मगच फोडलंय, कुंकू लागलेलं असेल. जगभरची वेबपानं शोधायला निघालेल्या मुलीने माझा चष्मा शोधून दिला तर खरी. तू बंगळूरला, अक्का तिथेच राजाजीनगरात, आणि दोन वर्षांत भेटलात दोनदा. जावई पद्मनाभरावांना पाहुणे आवडत नाहीत हे कबूल, पण तू काय पाहुणी?

माया आहेच, पत्रातही दिसू दे.
अप्पा

बंगळूर, २३ ऑगस्ट

ती. अप्पांस मैत्रेयीचा शि. सा. नमस्कार.

पत्रं टाईप झाली. जे शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात येतात ते आमचा प्रोग्राम गाळतो. 'आणि', 'आहे' असले. त्यांच्यावरून कुठलंच पत्र वेगळं ओळखता येत नाही. गाळलेल्यांची यादी तपासत होते, तर त्यात 'पडले' होता. एकतिसांपैकी एकोणतीस पत्रांत. न्हाणीत पडले, जिन्यावरून पडले, म्हणून अक्षर वाकडं. अप्पा, अक्काच्या घराला जिनाच नाही.

आज सकाळी गेले. भाऊजींनी दार उघडलं. मागे अक्का, डाव्या कानातून आलेलं रक्त गळ्यावर वाळलेलं. तिला चल म्हणाले, तर भाऊजींनी माझे केस धरून कपाळ खिडकीच्या गजावर आपटलं. चार टाके आहेत. मला बाहेर ढकललं, तिला कोंडून कुलूप घातलं. घरमालकीण राजलक्ष्मी म्हणाल्या, रोजचंच आहे, स्वल्प सहन करायचं. पोलिसांनी घरगुती भांडण म्हणून परत पाठवलं.

हे पत्र निपाणीच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. वाचताच निघा.
मैत्रेयी

अक्कोळ, २७ ऑगस्ट

चि. मैत्रेयीस आशीर्वाद.

तुला न भेटता परतलो, रागावू नकोस. वसुमतीला घेऊन पहिलीच बस धरली.

दगडाने कुलूप फोडत होतो, तोच पद्मनाभराव आले. पट्टा माझ्या तोंडावर बसला, एक दात गेला. दगड हातातच होता. पहिल्या घावाला त्यांचं मनगट मोडलं, आवाज ऐकला मी. दुसऱ्याला ते खाली बसले. तिसऱ्याची गरज नव्हती. तोही मारला.

कुलूप तोडून वसुमतीला बाहेर काढलं, तोवर राजलक्ष्मीबाई धावत आल्या, काय झालं विचारू लागल्या. वसुमती पदर सावरत म्हणाली, ते पडले. बाई कानडीत सरी, म्हणजे बरं, म्हणाल्या आणि आमच्यासाठी फाटक उघडून धरलं.

अठ्ठेचाळीस वर्षांत कोणावर हात उचलला नव्हता. निरांजन आता वसुमतीच लावते. एकतीस वेळा कुंकू लावलं, नीट वाचलं एकदाही नाही.

टाके कधी निघतात ते कळव.
अप्पा

अक्कोळ, ११ ऑक्टोबर

चि. मैत्रेयीस अक्काचे गोड आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय. काल अंगणात शेवाळावरून घसरून पडले. खरंच पडले गं. आवाज ऐकून अप्पा पूजेतून उठून धावत आले. हातात दगड. अंगणात मी एकटीच होते.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी अक्का