फाटकाशी उभा असलेला माणूस

प्रिय नदीन,

तू केंटकी सोडून गेलीस आणि आपल्यावर गाणं लिहिलंस, त्याला बरीच वर्षं झाली. त्यातला फाटकाशी वाट पाहत उभा असलेला माणूस मी, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढे टेक्सासच्या एका गायकाने ते गाणं संथ केलं आणि शेवटी मला मारून टाकलं. एका बाईने ते गाताना त्यातल्या माझ्या कुत्र्याचा घोडा केला. हल्लीची पोरं ते ढोल बडवत म्हणतात. पण फाटकातून मला आत कुणीच आणलं नाही.

शनिवारी माझं विल्माशी लग्न झालं. चर्चमागे झाडांखाली जेवणं होती. पहिल्या नाचाला फिडलवाल्यांनी नेमकं तेच गाणं धरलं. मी जागीच थांबलो. विल्माला वाटेल, हा अजून त्या फाटकाशीच उभा आहे. मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हणालो, "विल्मा, या गाण्यातला माणूस..."

"तूच आहेस. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, डेल्बर्ट. पाय उचल."

मग ती वादकांवर ओरडली, "अरे, जरा जलद घ्या! मेलेला माणूस नाचतोय इथे!"

शेवटचं कडवं तिने स्वतःच रचून म्हटलं, "आत ये, फाटक लाव रे बाबा, मक्याची भाकरी निवतेय." सगळी मंडळी हसत हसत तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

नदीन, गाणं तुझंच, देव तुझं भलं करो. एवढं कडवं मात्र आमच्याकडेच राहू दे, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

आत आलेला,
डेल्बर्ट