यादीत जुनंच नाव

प्रिय नऊ नंबर हिस,

आठ नंबरचा सप्रेम नमस्कार. गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला असेल तर त्यांनाही नमस्कार सांग. (नसेल तर राहू दे, उत्तर द्यायला जातील आणि पुन्हा उबळ येईल.)

तू रागावली आहेस. "दार लावूनच घ्यायचं होतं तर बोलावलंस कशाला?" एवढी एक ओळ मोबाईलवर धाडलीस आणि गप्प झालीस. फोन केला तर तू उचलणार नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. बाई गं, दार मी लावलं नाही. ते फायरवॉलने लावलं.

झालं असं, की धाकट्याने नोकरीला परगावी जाताना कपाटावर एक काळा डबा ठेवला. त्याला सर्व्हर म्हणतात. आपल्या टेलिफोन एक्स्चेंजमधले चाळीस फोटो मी त्यात घालून घेतले, म्हणजे तुला घरबसल्या बघता येतील, आणि हौसेने तुला पत्ता कळवला. नेमकी त्याच आठवड्यात वीज गेली, आणि परत आली ती असा दणका देऊन, की डब्यामागचा हिरवा दिवाच विझला. मी वायर बदलली, डबा पुसला, दोनदा बंद करून चालू केला. आमचे हे बॅटरी धरून उभे होते (डब्यावर नाही, माझ्या डोळ्यांवर). शेवटी दुरुस्तीवाला आला. त्याने झाकण काढून आत फुंकर मारली आणि म्हणाला, "काकू, नेटवर्क कार्ड गेलं." म्हणजे वायर जिथे खुपसतात तो भाग. त्याने नवीन कार्ड बसवलं, दिवा लागला. दिवा लागला म्हणजे लाइन जिवंत, ही आपली एकतीस वर्षांची सवय! मी काही न तपासता तुला कळवून टाकलं, "आता बघ." तू बघायला गेलीस आणि दारातच अडकलीस.

पुढचे आठ दिवस मी त्या डब्यापुढे बसून काढले. धाकट्याने लिहून पाठवलं, फायरवॉल जरा बंद करून बघ. (ही डब्याची राखणदार. यादीत असेल त्यालाच आत सोडते.) बंद केली की फोटो दिसत, चालू केली की गायब. म्हणजे घोळ तिथेच होता. मी यादी उघडून एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि मला एकदम तुझं लग्न आठवलं!

रजा संपवून तू नव्या आडनावाचं ओळखपत्र घेऊन फाटकाशी आलीस, आणि मिशीवाल्या पहारेकऱ्याने तुला अडवलं. का, तर या नावाची बाई इथे कामाला नाही. तू म्हणालीस, "अहो, चार वर्षं रोज उशीर झाला म्हणून मलाच ओरडताय ना?"

"ती वेगळी," तो म्हणाला. "ती यादीत आहे."

तासभर तू उन्हात, आणि आत तुझा नऊ नंबरचा बोर्ड नि माझा आठ नंबरचा, दोन्ही माझ्या गळ्यात. त्या गडबडीत मी डॉक्टरांची लाइन लाकडाच्या वखारीला जोडली. डॉक्टर विचारत होते, पोट साफ झालं का, आणि वखारवाला सांगत होता, सकाळपासून दोन गाड्या गेल्या. शेवटी मोठ्या बाईंनी स्वतः फाटकावर जाऊन तुझं जुनं नाव लाल पेन्सिलीने खोडलं आणि नवीन लिहिलं.

अगं, इथेही तेच! नवीन कार्ड बसलं तेव्हा डब्याने त्याला नवीन नाव दिलं, आणि फायरवॉलच्या यादीत मेलं जुनंच. दिवा लागून काय उपयोग? मी नवीन नाव घातलं आणि सगळं सुरळीत झालं. जुनं खोडायला गेले, पण हात थांबला. त्या दिवशी तू हसत आत आलीस खरी, पण दुपारी जेवताना हळूच म्हणालीस, "जन्मापासूनचं नाव गं, एका रेघेत गेलं." मी तुला दुसरी पोळी वाढली आणि विषय बदलला. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. असो. जुनं नाव मी यादीत खाली तसंच ठेवलंय. (हे म्हणाले, गेलेल्या कार्डाचं नाव कशाला? म्हटलं, कुणाच्या वाटेत येतंय?)

तर आता दार उघडं आहे. राग सोड.

तुझीच,
आठ नंबर

ता. क. चाळीस फोटो म्हटलं खरं, पण त्यातले तेहतीस ह्यांनी काढलेले आहेत. आपण दोघी अर्ध्या, भिंतीवरचं घड्याळ पूर्ण.

आणखी एक. तू फोन उचलला असतास, मला ठाऊक आहे. मीच केला नाही. सहा महिने झाले, मला फोनवरचं ऐकू येत नाही. शब्द येतात, पण सगळे एकमेकांत मिसळून. कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना वाटतं मी मुद्दाम लक्ष देत नाही, आणि ते त्यांना तसंच वाटू दे. समोर बसून बोललेलं मात्र अजून नीट कळतं. तेव्हा फोटो तिथे बघू नकोस. बॅग भर आणि इकडे ये.