लाल हुमणी

बारवी रस्ता, बदलापूर
२४ ऑगस्ट २०२५

चि. शलाकास,
संजीवनीआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन माझ्या कैलासच्या खिशात असतो, म्हणून ही चिठ्ठी भाजीच्या टेम्पोवाल्या भीमरावाकडे देते. उल्हासनगरला जाताना तो अंबरनाथला तुझ्या प्रयोगशाळेच्या गेटवर देईल.

अगं, तू नक्की दिलंस तरी काय? कृमींची ती पावडर पाण्यात कालवून, तू कैलासकडून कळवलंस तशी संध्याकाळी, हळदीच्या बुडाशी ओतली. आज खणून बघते तर हुमणी मेलेली; पण पांढरी अळी विटेसारखी लाल, आणि हाताला लिबलिबीत. अंगावर काटाच आला. वरच्या वाफ्यातल्या सगळ्या वेचल्या आणि पेंढ्यात घालून जाळल्या. हात धुऊन धुऊन सोलून निघायची वेळ आली.

कैलास म्हणतो, मामेबहिणीने जमीन विषारी केली, आता ही हळद घेणार कोण? गौरी गेल्या की टॉवर बांधणाऱ्या शेठला जमिनीची सही देऊ म्हणतो. माझी एवढीच जमीन उरली आहे गं. आणि पातोळ्या या हळदीच्या पानांत करायच्या की नाही? नातीने परवा त्याच बांधावरची काकडी खाल्ली. तिला काही होणार तर नाही ना?

रागावले नाही, घाबरले आहे. वेळेवर जेवत जा. मागच्या खेपेला तुझी नुसती हाडं दिसत होती.

तुझी मायेची,
संजीवनीआत्या


अंबरनाथ पूर्व
२५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शलाकाचा सा. न. वि. वि.

आधी नातीचं. तिला काही होणार नाही. हे कृमी किड्यांच्याच अंगात वाढतात, माणसाच्या नाही. पातोळ्या कर. मलाही ठेव.

आता दुसरं. अळ्या जाळल्यास हे वाचून मी हातातलं काम खाली ठेवलं. त्यात विष नव्हतं. कृमी हुमणीच्या अंगात शिरतात आणि स्वतःसोबत एक जिवाणू नेतात. अळी त्या जिवाणूने मरते. लाल रंगही त्याचाच. मग त्याच मेलेल्या अळीत कृमींची पिल्लं वाढतात, ती बाहेर पडतात आणि मातीत पुढची हुमणी शोधतात. वरच्या वाफ्यातली ही पुढची पिढी तू पेंढ्यात घातलीस.

खालच्या वाफ्यातलं काही जाळू नकोस. तिथल्या निम्म्या लाल अळ्या वर नेऊन ओल्या मातीत मुळांशी पुर. ऊन लागू देऊ नकोस.

एक गोष्ट मला कळत नाही. अळ्या लाल होतील, त्या तशाच राहू द्या, असं पावडरचे पुडे देताना मी कैलासदादाला सांगितलं होतं. त्याने ते माझ्यासमोर म्हणूनही दाखवलं होतं. यावर मी मत देत नाही. तूच त्याला विचार.

जेवते. माया आहे तेवढी असू दे.

तुझी,
शलाका


बारवी रस्ता, बदलापूर
३ सप्टेंबर २०२५

चि. शलाकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कैलासला वाचून दाखवलं आणि विचारलं. वाटलं, विसरलो म्हणेल. तो म्हणाला, सगळं आठवत होतं; हळद आपसूक गेली असती तर जमिनीसाठी, आई, तुझ्याशी भांडावं लागलं नसतं. शलाका, मी अळ्या जाळत होते तेव्हा पेंढा त्यानेच आणून दिला होता. पोटच्या पोराने.

खुरपं घेऊन खालच्या वाफ्यात बसले आणि लाल अळ्या वर नेऊन पुरू लागले. किळस वाटत होती, तरी पुरत होते. तो बांधावर उभा राहून बघत होता. बऱ्याच वेळाने शेजारी येऊन बसला. मी सरकून जागा दिली नाही, तरी बसला. तेव्हापासून रोज येतो.

काल गौरी गेल्या. आज सकाळी टॉवरवाला कागद घेऊन वाफ्यात हजर. लोणच्याची बरणी उघडावी तसं तोंड उघडून हसला आणि हात पुढे केला. कैलासच्या ओंजळीत लाल अळ्या होत्या. शेठ दचकून दोन पावलं मागे सरला. कैलास त्याला म्हणाला, “हात रिकामा नाही, शेठ. हळद निघाल्यावर आईशी बोला.” आणि तसाच पुन्हा उकिडवा बसला.

शेठ गेला. मी कैलासशी अजून धड बोलत नाही. त्या पेंढ्याचा धक्का उतरलेला नाही.

तुझा लोभ माझ्यावर आहेच, तो त्याच्यावरही राहू दे.

तुझी,
संजीवनीआत्या