अण्णाचा तंबू, स्वच्छ धुतलेला

४ ऑक्टोबर १९५९, रविवार
अण्णाचा तंबू माळ्यावरून काढला. माझा थोरला भाऊ जाऊन वर्ष झालं. सर्व्हे खात्यातला माणूस. दर दसऱ्याला लेकीला, वसुमतीला, आनेकलच्या तळ्याकाठी मुक्कामाला न्यायचा. यंदा मी नेणार. पोरीला पावसाचा एक थेंब लागू देणार नाही. चार दोर आणि कॉमन सेन्स, त्यात काय एवढं!

तंबूला अण्णाच्या तंबाखूचा वास. गेलेल्या माणसाची वस्तू धुतल्याशिवाय वापरू नये. वहिनी म्हणाल्या, भावजी, राहू द्या की तसाच. ऐकलं नाही. परटाकडे टाकला.

६ ऑक्टोबर
परीट मल्लाप्पा दारात. पाण्यावर मेणासारखा तवंग येतोय, स्वल्प थांबू का स्वामी, म्हणतो. म्हटलं, मळ आहे तो, आणखी सोडा घाल.

संध्याकाळी परसात ठक, ठक, ठक. अण्णा प्रत्येक खुंटीला मोजून तीनच ठोके द्यायचा. खिडकी लावून घेतली. वारा फार.

९ ऑक्टोबर
तंबू आला. पांढराशुभ्र, वर कांजी! वसूने नाक लावून हुंगला आणि आत गेली. कौतुकाचा एक शब्द नाही.

पुन्हा ठक, ठक, ठक. अंगावर काटा. शेजारी असतील. शेजारी गावाला गेलेत. उद्यापासून प्राणायाम.

१३ ऑक्टोबर, आनेकल, दुपारी ४
तंबू फर्स्ट क्लास उभा. वसू म्हणाली, अप्पा भोवती चर खणायचे. म्हटलं, तुझ्या अप्पाला उगाच हौस.

तेवढ्यात तंबूमागे ठक, ठक, ठक! मी ओरडलो, अण्णा, चुकलो रे! मागून वसू आली, हातात मोगरी. सैल खुंट्या ठोकत होती. घरी परसात रोज सराव केला म्हणे. सांगायचं तरी!

संध्याकाळी ६
पाऊस. छताची चाळणी. अप्पा दर उन्हाळ्यात कापडाला मेण चोळायचे, वसू सांगतेय. वाटीने चर खणतेय. मी छत्रीखाली लिहितोय. चूक परटाची.

१४ ऑक्टोबर, राजाजीनगर, घरी
पहिल्या बसने परत. वसूला ताप. खुंट्यांची पिशवी तेवढी धुवायची राहिली होती. ती उशाशी घेऊन झोपलीय, कुणाला हात लावू देत नाही. डोळा लागल्यावर मी हळूच हुंगली. अण्णाच! रडू आवरेना.

चूक परटाची नव्हती.

संध्याकाळचे सात वाजले. परसात सामसूम. खिडकी उघडी ठेवली आहे.